सातचा भोंगा

साताऱ्याहून कराडमार्गे कडेगावला आलो. मोहरमच्या उंच ताबुतांसाठी हे गाव आपल्याला ठाऊक आहेच. या खेपेस मात्र जायचे होते याच तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला. तिथे 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले मोबाइल, टीव्ही बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा. करोनात शिक्षणासाठी मुलांच्या हाती दिलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून गावाने हे ठरवले.

रस्त्याकडेला नुकतीच मगरिब अदा केली होती. भोंगा झाला तसा मीही मोबाइल बंद केला. मुले वह्या घेऊन बसली. माझा हात मात्र चार-पाच वेळा खिशाकडे गेला. घरी सलाम फेरताच मी तसबीहऐवजी मोबाइल उचलतो, असे बेगम नेहमी म्हणते. मला ते टोमणेच वाटायचे!

काही सुचेना तेव्हा अब्बा आठवले. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली, पण एकदाही निवांत बसून त्यांच्यासाठी दुआ मागितली नव्हती.

साडेआठचा भोंगा झाला. कुठेतरी टीव्ही सुरू झाला.

“अहो, मोबाइल लावायचा नाही का?” बेगमने विचारले.

“थांब जरा,” मी म्हणालो. दुआ अजून पुरी झाली नव्हती.