व्हिएन्नातला एकट्याचा डिसेंबर

युरोप बघायचा तर एप्रिल ते जूनमध्ये, आणि तोही चार माणसांच्या सोबतीने, हे आपल्याकडे ठरून गेलेले आहे. शाळांच्या सुट्ट्या, सहल कंपन्यांची वेळापत्रके, दोघांत एक खोली या हिशेबाने लावलेले दर, सगळे याच समजुतीवर चालते. डिसेंबरात, आणि तेही एकट्याने जाणाऱ्याच्या घरात काहीतरी बिनसले असणार, अशी शंका नातेवाईक हमखास घेतात. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. निदान व्हिएन्नापुरते तरी, एकट्या माणसाने जाण्याचा योग्य काळ डिसेंबरअखेरचाच. उन्हाळ्यातले व्हिएन्ना बागांचे, डॅन्यूबकाठचे, फुटपाथवर मांडलेल्या टेबलांचे असते, आणि त्या टेबलांवर दोघाचौघांची मैफल शोभते. हिवाळा आला की हे शहर दाराआड जाते, आणि तिथल्या दाराआडच्या जागा एकट्या माणसाला सामावून घेतच घडलेल्या आहेत.

त्यामागे शहराचा दिलदारपणा फारसा नाही. घरांची टंचाई आहे. १९१० च्या सुमारास व्हिएन्नाची वस्ती वीस लाखांच्या घरात गेली होती. बोहेमिया, मोराविया, गॅलिशियाहून माणसे पोटासाठी येत होती आणि त्यांना पुरतील एवढ्या खोल्या शहरात नव्हत्या. कित्येकांकडे भाड्याची खोलीही नसे, असे ती फक्त खाट, आणि तीही ठरावीक तासांपुरती. एक उठून कामावर गेला की दुसरा तिच्यावर आडवा व्हायचा. गिरणगावातल्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारे कामगार मराठी वाचकाला नवे नाहीत, आणि काळही साधारण तोच. फरक हवेचा होता. मुंबईत आत जागा नसली तर ओट्यावर, गॅलरीत, फुटपाथवर पथारी टाकता येते. पारा शून्याच्या आसपास असलेल्या जानेवारीत ती सोय नाही. खाट भाड्याने घेणाऱ्याला कॅफे परवडत होतेच असे नाही. पण त्याच्या एक पायरी वर असलेले, गारठलेल्या खोलीत राहणारे विद्यार्थी, कारकून आणि लेखक कॅफेत येऊन बसत. तिथे शेगडीची ऊब होती, दिवा होता, लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रे होती. पीटर आल्टेनबर्ग हा लेखक तर पत्रांसाठी कॅफे सेंट्रलचाच पत्ता देत असे. एका कॉफीवर दुपार काढण्याचा हक्क असा गरजेतून रुजला. आजही पारंपरिक कॅफेत कॉफीसोबत पाण्याचा ग्लास येतो आणि मागितल्याशिवाय बिल येत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने या कॅफे-संस्कृतीची आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. वेटर मात्र तुसडे म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि तो तुसडेपणा ते सगळ्यांना सारखाच वाटतात.

म्युझियमचेही तेच. टोमास बर्नहार्डच्या १९८५ च्या ‘आल्टे माइस्टर’ या कादंबरीतला म्हातारा विधुर तीस वर्षांहून अधिक काळ एक दिवसाआड कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये जातो आणि टिंटोरेट्टोच्या एका चित्रासमोरच्या बाकावर बसतो. बर्नहार्डने त्याला विक्षिप्त रंगवला आहे, पण त्याचे बसणे व्हिएन्नात कुणाला खटकू नये असेच आहे. याच इमारतीत ब्रॉयगेलचे १५६५ चे ‘बर्फातले शिकारी’ आहे. थकलेली कुत्री, जवळजवळ रिकाम्या हाताने परतणारी माणसे, आणि खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारे गाव. या चित्राला अर्धा तास द्यावा लागतो. सोबतीच्या चार जणांना कॉफीची घाई असेल तर तो मिळत नाही. ऑपेरात उभ्याची तिकिटे बसण्याच्या तिकिटांच्या मानाने फारच स्वस्त असतात. समोरच्या कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधला की ती जागा तुमची, अशी तिथली जुनी रीत. जोडीची दोन शेजारशेजारची तिकिटे मिळवताना होणारी यातायात एकट्याला नसते.

यावरचे आक्षेप खरे आहेत. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. बाईमाणसाने एकटीने अशा अंधारात फिरायचे का, हा प्रश्न तर आधी सोडवावा लागतो. पण संध्याकाळी पाचचा अंधार म्हणजे रात्र नव्हे. ऑफिसे सुटलेली असतात, ट्राम भरलेल्या असतात, दुकाने उघडी असतात. जूनमधल्या रात्री साडेदहाच्या अंधारापेक्षा त्यात माणसांची वर्दळ कितीतरी जास्त. दुसरा आक्षेप एकटेपणाचा, आणि तो वजनदार आहे, कारण त्याचा सर्वात मोठा पुरावा याच शहरात तयार झाला. शूबर्टने १८२७ मध्ये ‘विंटरराइझे’ ही चोवीस गीतांची माला इथेच रचली. हिवाळ्यात एकट्याने भटकणाऱ्या माणसाचे त्याहून उदास चित्र युरोपीय संगीतात क्वचितच सापडेल. पण त्या भटक्याचे दुःख नीट पाहिले तर ते थंडीचे नाही. प्रेमिकेच्या घराचे दार त्याला मिटले आहे, आणि वाटेत सराई म्हणून त्याला भेटते ती स्मशानभूमी, तीही भरलेली. बसायला जागा न मिळालेल्या माणसाची ती गाणी आहेत. जिथे जागा मिळते तिथे एकटेपण उरते हे खरे, पण त्याला बोच उरत नाही. ज्याचे जवळचे माणूस नुकतेच गेले आहे, त्याला मात्र हा युक्तिवाद पुरणार नाही, आणि त्याने तो ऐकूही नये.

उलट, एकट्याला खरा त्रास होतो तो ज्यासाठी सगळे जग डिसेंबरात व्हिएन्नाला धावते त्या नाताळ बाजारात. टाउन हॉलसमोरच्या झगमगाटात गरम पंचचे मग घेऊन लोक घोळक्याने उभे असतात. तिथे बसायला काही नसते, आणि एकटा माणूस मग रिकामा करून निघून जातो. चोवीस तारखेची गोष्ट वेगळी. त्या दिवशी दुपारीच दुकाने बंद होऊ लागतात, ऑपेराला सुट्टी असते, बहुतेक खाणावळी बंद, ट्रामही कमी. सण घरात साजरा होतो आणि परका माणूस त्या घराबाहेर असतो. यात अपमान कसला? बाहेरच्याला आत असल्याचा भास विकणाऱ्या बाजारापेक्षा हे मला जास्त सरळ वाटते. रात्री चर्चमध्ये मिस्सा असतो आणि तिथे कोणीही जाऊन बसू शकते. पंचवीस आणि सव्वीस या सुट्ट्यांतही कॅफे हळूहळू उघडतात, आणि एकतीसला ऑपेरात दरवर्षीप्रमाणे ‘फ्लेडरमाउस’ हा ऑपेरेटा रंगतो. बर्फ मिळेल या आशेने मात्र जाऊ नका, नाताळात ते आता क्वचितच पडते. मे-जून घोळक्यांना खुशाल सोडा आणि एकट्याचे तिकीट डिसेंबरचे काढा. फक्त चोवीसच्या रात्री कुठे जेवायचे ते मुंबई सोडण्याआधी ठरवून ठेवा.