पाटे, शॉकअप आणि आबा

गेले तीन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही, कारण सगळा मोकळा वेळ गाडीखाली आडवं पडण्यात गेला. सोमवारी ऑफिसात गेलो तेव्हा नखांत ग्रीस होतं. स्टँडअपला मॅनेजरने विचारलं, "घर शिफ्ट करतोयस का?" म्हटलं, नाही, गाडीचे पाटे बदलायचे की नाही ते ठरवतोय. त्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही. बरंच झालं.

गाडी म्हणजे सेकंडहँड इसुझु व्ही-क्रॉस. ही भारतात २०१६ साली आली, आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे चार दरवाजांच्या केबिनला जोडलेला हौदा आणि हौद्याखाली ट्रकसारखे पाटे. मी ती घेतली तेव्हा मित्रांना सांगितलं की गावाला आबांना शेतीसाठी उपयोग होईल. आबांना सांगितलं की मला पुण्याहून येण्या-जाण्यासाठी हवी आहे. खरं कारण असं की मला ती कॉलेजात असल्यापासून आवडते. (हे आबा वाचत नाहीत, म्हणून लिहितोय.)

आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरगिरीच्या बाजूला. पाटणचे रस्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कऱ्हाडहून चिपळूणला जाणारा मोठा रस्ता पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून खाली उतरतो, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पण त्या रस्त्यावरून डावी-उजवीकडे वळलात की खरी परीक्षा सुरू. खोऱ्यातले वाडीवस्तीचे रस्ते पावसाळ्यात दरवर्षी कुठे ना कुठे खचतात. वर सड्यावर, म्हणजे सडावाघापूर, वनकुसवडे, चाळकेवाडीकडे गेलं की पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा लागतात. खाली जांभा खडक, त्यावर सुटे दगड. पुण्यातले लोक तिथे उलटा धबधबा बघायला येतात आणि गाडीचा खालचा भाग तिथेच ठेवून जातात.

अशा रस्त्यावर गाडी मागून उड्या मारत होती. शॉकअप गेलेले होते, एकातून तेल गळून पार मातीचा लेप बसला होता. बदलणं भागच होतं. आणि एकदा शॉकअप बदलायचे म्हटल्यावर आमच्यासारखा माणूस नुसते शॉकअप बदलून थांबतो होय? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत किट बघितली. ऑस्ट्रेलियातली ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, शिवाय थायलंडची काही. फोम सेल, ट्विन ट्यूब, मोनोट्यूब, बाहेर वेगळी टाकी असलेले. चाळीस-पन्नास मिलिमीटर लिफ्ट. एका दुकानदाराने सगळं मिळून सव्वा लाखाच्या वरचा आकडा सांगितला. मी त्याला "बघतो" म्हटलं आणि लगेच एक्सेल उघडलं.

आता थोडं इंजिनिअरिंग. कंटाळा येणार असेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण मला ते लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

गाडी म्हणजे शेवटी स्प्रिंगवर ठेवलेलं वजन. स्प्रिंगचा ताठरपणा भागिले वजन, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते ठरतं. माणसाला साधारण एक ते दीडच्या आसपास बरं वाटतं. त्याच्या वर गेलं की पाठ बोलायला लागते. कारमध्ये हे जमतं, कारण रिकामी आणि भरलेली यात फार फरक नसतो. पिकअपचं तसं नाही. समजा रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ६०० किलो आहे आणि हौद्यात खताची पाच पोती टाकली. झाले ८५०. पाटे तेच असतील तर तो आकडा १६ टक्क्यांनी उतरतो, गाडी मागून बसते, खड्ड्यात ठोकर रबरावर आपटते. म्हणून पाटे ताठ करायचे ठरवलं, भरल्यावरही रिकाम्यासारखी चालावी इतके ताठ, तर ताठरपणा ४० टक्क्यांहून जास्त वाढवावा लागतो. आणि मग रिकामी गाडी पहिल्यापेक्षा १९ टक्के जास्त वेगाने उडते. एकाला सुख दिलं की दुसऱ्याची पाठ मोडते. शिवाय पाटे ताठ करून शॉकअप तेच ठेवले तर तेही कमी पडतात, स्प्रिंगच्या मानाने त्यांचा लगाम ढिला होतो. म्हणून जाणकार म्हणतात की दोन्ही जोडीने निवडा.

शॉकअप करतो काय, तर ती उसळी तेलातून घासून तिची उष्णता करतो. खडबडीत रस्त्यावर तासभर चाललात की तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, फेस होतो, आणि फेस काही लगाम देत नाही. नायट्रोजनचा दाब, फोम, बाहेरची टाकी या सगळ्या भानगडी त्या फेसाविरुद्ध आहेत. सड्यावरच्या दहा-बारा किलोमीटरसाठी मोठी टाकी लागत नाही, हे मला एक्सेल बंद केल्यावर कळलं.

लिफ्टबद्दल तर माझा भ्रमच फुटला. लिफ्ट केल्यावर बॉडी वर जाते, पण मागचा ॲक्सल आणि त्याचा तो डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. दगड लागतो तो गोळ्याला. तो वर न्यायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायर एक इंच मोठा घेतला तर मिळतो अर्धा इंच. वर पुढच्या बाजूला चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट लवकर फाटतात, कॅस्टर बिघडलं की स्टिअरिंग भरकटतं, म्हणजे मग वरचे आर्मही बदला. नुसते स्पेसर टाकून उंची वाढवली तर चाक खाली जायला जागाच उरत नाही, खड्ड्यात ते लोंबकळून खाडकन आवाज करतं. यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू नका, असं ते सांगतं, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ चांगलाच कडक लावला.

तरी लिफ्ट हवी होतीच. का? कारण फोटोत छान दिसते. खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी रात्री गावी पोचलो. शनिवारी सकाळी आईला कऱ्हाडला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती गाडीत कशी चढते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. एक हात दरवाज्याला, एक सीटला, डावा पाय पायरीवर, मग थोडं थांबून, ओठ दाबून उजवा. ती आत बसल्यावर मी टेप काढून पायरीची उंची मोजली. एकोणीस इंच. आई वरून विचारते, "काय रं मोजतुयास?" म्हटलं, काही नाही. पन्नास मिलिमीटर म्हणजे दोन इंच. लिफ्टचा विषय तिथेच संपला, आणि तो आईला कधीच कळला नाही.

राहिले पाटे. माझं म्हणणं पक्कं होतं की जड पाटे घ्यायचे. त्याला कारण होतं २०२१. त्या वर्षी २२ जुलैच्या रात्री आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आले. मी तेव्हा पुण्यात, घरून काम करत होतो, फोन लागत नव्हते. आबांकडे तेव्हा जुनी बोलेरो पिकअप होती. पुढचे काही दिवस ते आणि गावातली पोरं धान्याची पोती, पाणी, ताडपत्र्या घेऊन जिथवर रस्ता होता तिथवर जात होते, आणि येताना माणसं आणत होते. त्यातच एकदा पिकअपचा मेन पाटा तुटला. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की माझ्या डोक्यात समीकरण तयार होतं: भार जास्त, पाटा कमजोर, म्हणून तुटला. पुन्हा तसं झालं तर गाडी तयार हवी. मी हे सगळं आबांना ओसरीवर बसून आकड्यांसकट सांगितलं.

आबांनी ऐकून घेतलं. तंबाखू मळत म्हणाले, "पाटा तुटला त्येचं कायबी वाटलं न्हाई. कमानवाल्यानं दुसरा घातला. खाली येताना हौद्यात एक म्हातारी निजवली हुती गादीवर. कंबर गेल्याली. गाडी मोकळीच की, चार माणसं फकस्त. मोकळी गाडी उडतीया. दर खड्ड्याला वरडायची. मी पयल्या गिअरवर आणली तरी वरडायची."

मी गप्प.

"पोती काय बोलत न्हाईत," आबा म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

माझ्या एक्सेलमध्ये भाराचा कॉलम होता. त्या म्हातारीचा नव्हता. चार वर्षं ही गोष्ट मी ऐकतोय आणि दर वेळी पाट्यापाशी थांबतोय, पुढे काय झालं ते कधी विचारलंच नाही. आमच्या कामात याला रिक्वायरमेंट नीट न घेणं म्हणतात. त्यासाठी मी ज्युनिअर पोरांना बोलतो.

रविवारी कऱ्हाडला कमानपाटेवाल्याकडे गेलो, आबांना बरोबर घेऊन. एअर बॅगचाही पर्याय होता, पाटा आणि चेसिसच्या मध्ये रबरी फुगा बसवायचा, माल भरला की हवा भरायची, उतरला की सोडायची. कागदावर एकदम सुंदर. पण पाटा आपला भार चेसिसवर दोन टोकांना वाटून देतो आणि फुगा तो मध्येच एका जागी ढकलतो. हौदा मागून जड भरला आणि गाडी आपटली की चेसिसला तिथेच मुरड पडू शकते. ते नको वाटलं.

कमानवाल्याने गाडीखाली जाऊन बॅटरी मारली, शॅकलचे बुश हलवून दाखवले. पार पिंजलेले. म्हणाला, "सायेब, निम्मा आवाज ह्येचाच हाय." पाट्यांची कमान उतरली होती. त्याने सुचवलं ते असं: वरचे पाटे मूळ जाडीचेच ठेवून कमानीला आणायचे, पाट्यांमध्ये घासपट्ट्या घालायच्या म्हणजे ते एकमेकांवर न करकरता सरकतील, आणि सगळ्यात खाली एक सरळ, जाड हेल्पर पाटा. गाडी रिकामी असताना तो कशालाच टेकत नाही. पोती पडली, वरचे पाटे दबले, की मग तो टेकतो आणि भार घेतो. म्हणजे दोन टप्प्यांची स्प्रिंग. मी ज्याच्यासाठी रात्री जागलो ते उत्तर याच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, गंजलेलं. अर्थात हेल्पर घातला म्हणून आरसी बुकात लिहिलेलं वजन वाढत नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तोच. हे मी आबांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली, म्हणजे ते ऐकणार नाहीत.

शॉकअप मात्र मी चांगले घेतले, चारही. मूळ उंचीचे, गॅसचे, फोम सेलवाले. त्यावर आबांनी पैसे विचारले, मी निम्मे सांगितले.

भूकंपमापक यंत्र म्हणजेही शेवटी हेच असतं, वजन, स्प्रिंग आणि लगाम. माझी आजी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाबद्दल सांगायची तेव्हा जमिनीचा आवाज तोंडाने काढून दाखवायची. घरी येताना रस्त्यावर उगाच ते आठवलं.

काम झाल्यावर सड्यावर चाचणी घेतली. मी चालवली, आबा मागच्या हौद्यात बसले. नको म्हटलं तरी बसले, एक पोतं अंथरून, पाय पसरून. मी आरशात बघत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर निघालो. एका वळणाला खड्डा चुकवता आला नाही. थांबलो, मागे वळून ओरडलो, "आबा, लागलं का?"

"चल रं," ते म्हणाले, "आजून यकदा त्येच खड्ड्यातनं घे."

घेतली. पुढून डाव्या बाजूला अजून एक टक असा आवाज येतोय, बहुतेक वरचं माउंटिंग. ते पुढच्या शनिवारी.