लांबी

माझ्या गॅरेजमध्ये गाडी आहे. यात विशेष ते काय, असं पुण्यात बसून वाटेल. पण इथं इंग्लंडात लोक गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं ठेवतात. मोडकी सायकल, प्लॅस्टिकचं ख्रिसमस ट्री, रंगाचे अर्धे डबे आणि 'लागेल कधीतरी' या सदरातला अर्धा संसार. गाडी बिचारी बाहेर पावसात. आमच्याकडे उलटं आहे. रोजची गाडी बाहेर भिजते आणि आत कोरड्यात १९७२ सालची एमजीबी जीटी उभी असते. २०२१ च्या ऑक्टोबरात ती आली ती मात्र स्वतःच्या चाकांवर नाही, ट्रेलरवरून.

अडीच हजार पौंड. बायकोला मी आकडा सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आणि चालत नाही?" मी म्हटलं, "अजून नाही." या 'अजून' शब्दावर मी पुढची साडेतीन वर्षं काढली.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळची ऑक्सफर्डची. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. आधी उघडी, दोन सीटची. १९६५ मध्ये तिला छप्पर चढलं, ते घडवण्यात इटलीच्या पिनिनफारिनाचा हात होता, आणि त्या अवताराला जीटी म्हणतात. मागे सीट म्हणून जे काही आहे त्यावर फार तर भाजीची पिशवी बसते. भारतात २०१९ पासून रस्त्यावर दिसणाऱ्या एमजी हेक्टरवर नाव तेच आहे, पण कंपनी आता चिनी मालकीची. असो.

पण मी ती घेतली त्याचं खरं कारण इंजिन. आणि इंजिनाचं कारण मामा.

माझ्या मामाची मिरजेत ॲम्बेसेडर होती, टॅक्सीला लावलेली, पेट्रोलवर चालणारी. माझ्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांना तिच्या रेक्झिनचा वास आहे. ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचा भारतीय जन्म, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तिच्यात अनेक वर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते बीएमसीचं बी-सिरीज. आणि एमजीबीत आहे तेही बी-सिरीजच, फक्त वाढवून १७९८ सीसी केलेलं. म्हणजे मिरज-सांगली करणारी टॅक्सी आणि ही इथली टेचदार स्पोर्ट्स कार, या चक्क मावसबहिणी. गाडी आल्यावर मी मामाला व्हिडिओ कॉल करून बॉनेट उघडून दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल नाकाला लावून त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, "अरे, ही तर आपलीच की! पण दोन दोन कार्बोरेटर कशाला रे? आमची एकावर डोंगर चढायची."

तेव्हापासून रविवार सकाळ म्हणजे मामाचा कॉल. टॅपेटची सेटिंग मला पुस्तक समोर असूनही जमेना, ती त्याने अर्ध्या मिनिटात समजावली. आठ व्हॉल्व आहेत ना, मग बेरीज नऊ. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा. मी आयुष्यात बरेच अल्गोरिदम पाहिलेत, इतका गोड पाहिला नाही.

वायरिंगचंही तसंच. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांतलं बरंचसं इलेक्ट्रिक सामान लुकास कंपनीचं, आणि त्यावरचे विनोद इथं अजून चालतात (जोसेफ लुकास यांना लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात). पण मी डॅशबोर्डखाली उताणा पडून पाहिलं तेव्हा मला भेटलं ते एक शहाणं, शिस्तीचं डोकं. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीतून थेट, कायम जिवंत. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर. हिरवी म्हणजे किल्लीनंतर आणि फ्यूजमधून. जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, हॉर्न वगैरेंसाठी. लाल साइड लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. पन्नास वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाने व्हेरिएबलना इतकी नीट नावं दिली आहेत आणि आमच्या ऑफिसात कालच्या कोडमध्ये 'टेम्प टू फायनल न्यू' सापडतं! बिघाड होते ते सगळे काळ्या वायरींचे, म्हणजे गंजलेल्या अर्थिंगचे. डिझायनरचा काही दोष नव्हता.

इंजिन आणि वायरिंग हा आनंदाचा भाग. आता पत्रा.

एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळी ताकद बॉडीच्या पत्र्यात, आणि त्यातली मोठी ताकद दरवाजांखालच्या दोन पोकळ पट्ट्यांत. इथं त्यांना सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो एक पत्रा, पण आत उभा एक पडदा, त्याच्या आत आणखी एक पत्रा आणि खाली किल्ल्याच्या तटासारखी खाचाखाचांची पट्टी. अशी चार पत्र्यांची ती पेटी. पाणी आत शिरतं आणि तिथंच मुक्काम करतं. सिल कुजली की गाडी मधून वाकायला लागते. जॅक लावला की दरवाजाची फट कमी होते, उघडलेला दरवाजा परत लागत नाही.

आमच्या गाडीच्या सिल बाहेरून गुळगुळीत होत्या. पण लोहचुंबक लावला तर चिकटेना. स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली तर 'टण' ऐवजी 'थप'. उजवीकडची कापली तेव्हा कळलं की मूळ सिल जवळजवळ नाहीच. तिच्यावर वरून पातळ नवा पत्रा डकवलेला, भोकात वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यावर बोटभर जाड फिलर. आपल्याकडे गॅरेजवाले ज्याला लांबी म्हणतात ती. कागद उलगडून पाहिला तर १९९१ साल, सोफ्यांचा सेल. मी त्या अज्ञात आधीच्या मालकाला त्या रात्री मराठीत जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माणसं या गाडीत बसून हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगाने गेली असतील. कागदाच्या भरवशावर!

मग मी एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्डिंग शिकलो. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. करंट जरा जास्त झाला की भोक, कमी झाला की वेल्ड नुसता वर बसतो, धरत नाही. एका जागी सलग ओढायचं नाही, पत्रा तापून वाकतो. इथं एक टिपका, तिथं एक टिपका, मध्ये थांबायचं. एकदा आतल्या बाजूच्या जुन्या डांबरी थराने पेट घेतला आणि मी पिण्याच्या बाटलीने आग विझवली. (पेट्रोलची टाकी आधीच काढून ठेवली होती, एवढी अक्कल होती.) उजवी बाजू पूर्ण व्हायला पाच महिने लागले. पण झाली ती खरी झाली. दरवाजा असा लागायचा की मी उगाच येता-जाता लावून पाहायचो.

डावीकडे मात्र...

डावी बाजू दुसऱ्या हिवाळ्यात आली. ऑफिसात रिलीज, गॅरेजमध्ये चार डिग्री, बायकोचा 'अजून' या शब्दावरचा विश्वास संपलेला. मी आतला पडदा बदलला, बाहेरची सिल वेल्ड करून बंद केली, आणि मग खाली सरपटत जाऊन पाहिलं तर सिलच्या मागच्या टोकाला, जिथं मागच्या पाट्यांचं पुढचं टोक गाडीला धरलेलं असतं त्याच्या जवळ, आतल्या पत्र्यात तळहाताएवढा गंज. बोट घातलं तर आरपार गेलं. आधी बघायला हवं होतं, मी बघितलं नव्हतं. नीट करायचं तर आठवड्यापूर्वी लावलेली नवी कोरी सिल पुन्हा कापायला हवी.

मी कापली नाही. फायबरग्लासची चिंधी लावली, वर लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली आणि काळा अंडरसील फासला. पाच तासांचं काम. दिसायला झकास. मनात म्हटलं, पुढे बघू. आम्ही लोक कोडमध्ये 'टूडू' असं लिहून पुढे जातो, तसं.

आणि पकडणार कोण? इथं गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. पण मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ती सक्तीची नाही. १९७२ ची गाडी थेट रस्त्यावर काढता येते. ती धड आहे की नाही, हे मालकाने बघायचं. मालक मी.

पुढच्या रविवारी मामाचा कॉल. मी कौतुकाने दोन्ही सिल दाखवल्या. तो म्हणाला, "दिसतंय झ्याक. ठोकून दाखव की." मी उजवीकडून सुरुवात केली. टण, टण, टण. डावीकडे आलो. टण, टण. टोकाकडे जाताना मी हात जरा हलका केला. तरी सात हजार किलोमीटरवरून, त्या खरखरत्या स्पीकरमधून त्याला ते ऐकू गेलं.

"थांब. मागं ये. तिथंच परत मार."

थप.

"लांबी आहे की रे. कुणी भरली?"

"आधीच्या मालकाने," मी म्हणालो.

शहात्तर वर्षांच्या माणसाशी, ज्याच्या मांडीवर बसून मी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं, त्याच्याशी मी एका पत्र्यासाठी खोटं बोललो. तो "हं" म्हणाला. मग पावसाचं आणि मिरजेच्या रस्त्यांचं बोलणं निघालं.

चार महिने मी त्या जागेकडे पाहिलंच नाही. ब्रेकचे पाइप बदलले, कार्बोरेटर जुळवले (दोन्ही सारखी हवा ओढतात का ते रबरी नळी कानाला लावून ऐकायचं, फुसफुस सारखी आली पाहिजे, अतिशय सुखाचं काम आहे), सीटना नवं कव्हर चढवलं. इंजिन चालू झालं तेव्हा आवाज थेट मे महिन्याचा होता. रंगाचीही चौकशी करून आलो. मग एका शनिवारी आमची आठ वर्षांची लेक आपली बूस्टर सीट उचलून गॅरेजमध्ये आली, डावीकडच्या सीटवर ती ठेवली, वर चढून बसली, बेल्ट लावला आणि म्हणाली, "बाबा, ही माझी जागा. चल."

गाडीत स्टिअरिंग उजवीकडे. तिची जागा डावीकडची. तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, माझी लांबी.

मी तिला उतरवलं. बॅटरीच्या वायरी काढल्या. (मागच्या सीटखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, हेही एक इंग्रजी खूळच.) ग्राइंडर काढला. आधी अंडरसील, मग लांबी. अर्धा तास गॅरेजमध्ये पांढरी धूळ आणि तो गोडसर घाण वास. मग स्वतःच लावलेली सिल फूटभर कापून उघडली. आतला गंज आता तळहाताएवढा नव्हता, दोन्ही हातांएवढा होता. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून पत्रा कापला, हातोडीने वाकवला, नाही बसला, दुसरा कापला. इथं एक टिपका, तिथं एक टिपका. तीन वीकेंड लागले. फक्त तीन! हा हिशोब मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

या मे महिन्यात, सक्ती नसताना, एमओटीला गेलो. तपासणारा माझ्या वडिलांच्या वयाचा. सस्पेन्शन जिथं धरलेलं असतं त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत गंज चालत नाही, असा नियमच आहे, त्यामुळे तो बरोबर तिथंच गेला. हातातल्या छोट्या हातोडीने ठोकलं. मी काचेपलीकडे उभा होतो, आवाज ऐकू आला नाही, पण त्याने परत ठोकलं नाही आणि पुढे सरकला. पास. शेरा एकच, इंजिनखाली थोडं ऑइल गळतंय.

रविवारी मामाला कॉल लावला. काही न बोलता फोन खाली नेला आणि डावी सिल पुढून मागपर्यंत ठोकत गेलो. टण, टण, टण, टण. टोकाला दोनदा ठोकलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. कुकरची शिट्टी झाली.

"हां," मामा म्हणाला. "त्या आधीच्या मालकाला सांग, आता काम बरं केलंय म्हणावं."

मला काही बोलता येईना.

"बरं, ॲव्हरेज किती देते?"