हुलग्याचे कढण

वार्षिकांकासाठी मुतखड्यावर लिहिते म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. पण आमच्या घरात गेले वर्षभर दुसरा विषयच नव्हता.

आबा गवंडीकाम करतात. परांचीवर चढले की लघवीसाठी सारखे उतरावे लागू नये म्हणून उन्हातान्हात पाणीच पीत नाहीत. मागच्या चैत्रात एका रात्री ते डावी कूस दाबून अंगणात गडबडा लोळले. आजी म्हणाली, "खडा हाय. ह्याच्या बापालाबी हुता."

दुसऱ्या दिवसापासून चुलीवर हुलग्याचे कढण चढले. सकाळी अनशापोटी पानफुटीची दोन आंबटसर पाने, संध्याकाळी सराट्यांचा काढा. सराटे म्हणजे पुस्तकातला गोखरू. एरवी अनवाणी पायात रुतणारे ते काटे मी बांधावरून वेचून आणले. पाषाणभेद हिमालयातला; त्याची वाळलेली मुळी तालुक्याच्या दुकानातून आणली. (पानफुटीलाही काही ठिकाणी पाषाणभेदच म्हणतात. नाव एक, झाडे भलतीच!)

चौथ्या दिवशी कळ थांबली. खडा विरघळला, असा आळीने निकाल दिला. मीही वर्गात फुशारकीने सांगितले. खडा पडलेला कुणीच पाहिला नव्हता. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी एकटी. निदान मी तरी विचारायला हवे होते.

आषाढात आबांना थंडी वाजून ताप भरला. सोनोग्राफीत ११ मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीत अडकलेला दिसला. वर मूत्रपिंड सुजलेले. डॉक्टर कढणाला हसले नाहीत. म्हणाले, "चार-पाच मिलिमीटरचे खडे बहुधा आपोआप पडतात. कढणाबरोबर पाणी पोटात जातं, आणि श्रेय कढणाला मिळतं. पण कॅल्शियमचा खडा काढ्यानं विरघळत नाही. आणि कळ थांबली म्हणजे वाट मोकळी झाली, असंही नाही." आधी नळी घालून तुंबलेली लघवी वाहती केली, पुढे दुर्बिणीने खडा फोडून काढला. ते मूत्रपिंड मात्र पूर्वीइतके काम करीत नाही.

आजी दोन दिवस धड जेवली नाही. "म्याच पाजलं," एवढेच म्हणे. संस्कृतच्या बाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी ग्रंथालयातून सुश्रुतसंहिता काढून दिली. मुतखड्याला तिथे अश्मरी म्हटले आहे. ती नवी असेल तर औषधाने बरी होते, वाढली तर शस्त्रच हवे, असे सुश्रुत सांगतो. मी आजीला ते वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वाढलीया का न्हाई, ते त्याला बाहेरनं कसं कळायचं गं?"

मला उत्तर देता आले नाही.

आबा आता परांचीवर पाण्याचा कॅन नेतात. कढणही चालू आहे, आवडते म्हणून. परवा शेजारच्या काकू पानफुटी मागायला आल्या. आजीने पाने खुडून दिली, आणि त्या वळल्या तशी हाक मारली, "फोटू काढला का? केवढा हाय खडा?"