ठेका

मँटल म्हणजे शेकोटीवरची फळी. गिरगावातल्या चाळीत शेकोटी कुठली? आमचं मँटल क्लॉक कायम कपाटावरच होतं. जर्मनीतल्या श्रामबर्गचं युंगहान्स; आतल्या पितळी प्लेटवर आठ टोकांचा तारा. चाळ पाडायची ठरली तेव्हा सामानाबरोबर लंबक न काढताच ते हललं, आणि लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो ती तुटली.

*

खोलण्याआधी दोन्ही स्प्रिंगांचा ताण उतरवायचा. चावी घट्ट धरून खटका बाजूला करायचा, आणि चावी बोटांतून थोडी थोडी फिरू द्यायची. तसंच खोललं तर चाकांचे दात जातात, बोटंही.

*

वेळेची स्प्रिंग वेगळी, टोल्यांची वेगळी. तासांचे टोले आणि अर्ध्याचा एकेक धरून दिवसाला १८०. एकदा चावी दिली की घड्याळ आठ दिवस चालतं; तेवढ्यात १४४०. वडील मात्र दर रविवारी आंघोळ झाली की चावी द्यायचे. आठवा दिवस त्यांनी कधी वापरला नाही. स्प्रिंग सैलावत गेली की जोर कमी होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

*

जुनं तेल आणि धूळ मिळून पॉलिशपेपरसारखं काम करतात. धुळीचे कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि कठीण पोलादी आस झिजवतात. तीन भोकं लांबट झाली होती. एकाभोवती पंचाचे ठोके मारून कुणीतरी ते आवळलं होतं. तिथे नवे पितळी बुश बसवले, ठोक्यांचे वण तसेच ठेवले. ज्याच्याकडे लेथ नव्हता, त्याने घड्याळ चालू ठेवलं होतं.

तेल आसांच्या टोकांना. दातांना अजिबात नाही.

*

लंबक शंभरात एक भाग लांबला, तर घड्याळ दिवसाला सात मिनिटं मागे पडतं. खालचा नट अर्धा आटा वर. मग एक दिवस थांबायचं.

*

१ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. सूर्य तोच, पण कामावर अंधारात निघायचं. त्याच महिन्यात गिरणी कामगार नव्या वेळेविरुद्ध उठले. शहराने आपली वेळ पुढची कित्येक दशकं सोडली नाही. पायाखालच्या जमिनीची वेळ सोडणं जड जातं.

*

परळच्या नव्या घरात घड्याळ मांडलं. टिकटक... टिकटक... लंगडत होतं. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसलं की ते कधीही थांबू शकतं.

लंबकाला ढकलणारी तार एका बाजूला वाकवलेली दिसली. चाळीतली जमीन गॅलरीकडे उतरती होती. कुण्या घड्याळजीने खोलीचा तो उतार ओळखून ठेका जुळवला होता. इथली फरशी सपाट.

तार सरळ करायला चिमटा हातात घेतला, आणि ठेवून दिला. डाव्या पायाखाली रुपयाचं नाणं सरकवलं.

टिक, टक, टिक, टक.

आमच्या खोलीला तेवढाच उतार होता.