जमा-नावे

शहर बदलावं की बदलू नये याचा सल्ला द्यायला नागपुरात माणसं कमी पडत नाहीत. विचारावंही लागत नाही. आम्ही पुण्याला जायच्या विचारात आहोत ही बातमी प्रतापनगरात आमच्याही आधी फिरली, आणि मग संध्याकाळी फाटकाशी जो थांबेल त्याचं मत तयार. ज्यांची मुलं पुण्यात आहेत ते म्हणतात, जा, या वयात मुलांजवळ असावं. ज्यांची अमेरिकेत आहेत ते म्हणतात, मुलांच्या संसारात लुडबूड कशाला? एक गृहस्थ पुण्याला जाऊन परत आलेले आहेत. ते काहीच म्हणत नाहीत, नुसते हसतात, आणि त्या हसण्याचा अर्थ लावता लावता आमच्या ताटातलं वरण निवतं. समोरच्या काकूंनी मात्र सरळच विचारलं, "काऊन जाता हो ताई? इथं काय कमी पडून राहिलं तुम्हाला?"

कमी काहीच पडलेलं नाही, तीच तर अडचण आहे. नोकरी गेली, शेत पिकेना, भावकीत फाटलं, असं काही घडलं की माणूस ट्रंक भरतो आणि निघतो. सगळं सुरळीत चाललं असताना, केवळ पुण्यात वाकडला लेक आणि नात आहे म्हणून साठी उलटलेल्या दोघांनी उठून निघायचं, याला सबळ कारण म्हणावं की हौस, हे ठरत नाही.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. संगणक यायच्या आधी रोज संध्याकाळी खातेवह्या जुळवायच्या आणि चार आण्यांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, असा तो काळ. त्याच सवयीने एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली, एकीकडे जमा लिहिलं, दुसरीकडे नावे. नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "मी काही येत नाही बा. तेवढं लिहून घे." मी विचारलं, "कुठल्या बाजूला लिहू?" त्यावर तो पेपर घेऊन व्हरांड्यात गेला.

पहिली नोंद उन्हाळ्याची. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५-४६ला टेकतो, नवतपा लागला की रस्त्यावरचं कुत्रंही नालीत बसून राहतं. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, आम्ही तीनशेच्या आसपास. तिथे संध्याकाळी वारा सुटतो. जमेला लिहून टाकलं. पण लिहिताना कूलर आठवला.

होळी झाली की आमच्याकडे कूलर माळ्यावरून उतरतो. पत्र्याचा गंज खरवडायचा, तळाला रंगाचा हात द्यायचा, तिन्ही ताट्यांमधलं गेल्या वर्षीचं गवत ओढून काढायचं. ते पाण्यातल्या क्षारांनी इतकं कडक झालेलं असतं की हाताला ओरखडे येतात. मग नवं गवत विंचरून, जाळीत सारखं पसरून भरायचं. कुठे विरळ राहिलं तर तिथून गरम झळ आत येणार. वाळ्याच्या ताट्या महाग, म्हणून निदान पलंगाकडची तरी वाळ्याची. पंपाच्या नळीला वर भोकं असतात, ती टाचणीने मोकळी करायची. एवढं करून बटण दाबलं की आधी पाच मिनिटं नुसती धूळ, आणि मग एकदम ओल्या वाळ्याचा वास घरभर. हवा ठणठणीत कोरडी असते म्हणूनच हे यंत्र चालतं. पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातं. जुलैत तोच कूलर लावा, अंग चिकट होईल आणि भिंतीला बुरशी धरेल. भर दुपारी बाहेर आग बरसत असताना, पडदे ओढलेल्या खोलीत, सतरंजीवर, त्या घरघरीत जी झोप लागते ती मला वाकडच्या एसीत अजून लागलेली नाही. तेव्हा उन्हाळा नावेलाही लिहावा लागला. बँकेत एक रक्कम दोन्ही बाजूंना पडली की हिशेब जुळतो. इथे तो तिथूनच बिघडायला लागला.

पावसाचं थोडक्यात उरकते. पुणेकर आपल्या पावसाबद्दल फार हळवेपणाने बोलतात, पण पुणे शहरात वर्षाकाठी पडतो तो सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि आमच्याकडे हजाराच्या वर. आमचा येतो तो ढोल वाजवत येतो, एवढाच फरक. खरा पाऊस पडतो तो घाटमाथ्यावर. तिथली धरणं भरतात आणि शहर त्यावर जगतं. वाकडला पवनेचं पाणी, तेही दिवसाआड. नवऱ्याने लेकीच्या गॅलरीत उभं राहून एका सकाळी आत शिरणारे टँकर पाहिले. तेव्हा काही बोलला नाही. नागपूरला आल्यावर माझा कागद मागून घेतला आणि नावेच्या बाजूला स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: टँकर. खाली दोन रेघा ओढल्या.

अंतराची नोंद याहून सोपी वाटली होती. ऑगस्ट २०२५पासून अजनीहून पुण्याला वंदे भारत सुटते. वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड करत साधारण बारा तासांत पोचवते. बाकी रात्रीच्या गाड्या आहेत, ट्रॅव्हल्स आहेत, दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले मागतील तो दर आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. लग्नाची तारीख ६० दिवस आधी कळते. मयताची कळत नाही. आमच्या वयात कार्यक्रम कोणते जास्त, हे वेगळं सांगायला नको.

बाकी, हलवता येण्याजोगं आता किती वाढलंय! पेन्शन कुठल्याही शाखेतून निघते. गॅसची जोडणी बदलून मिळते, मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरला की बदलतो. राज्य तेच असल्यामुळे गाडीचा नंबरही बदलावा लागत नाही. म्हणून तर वाकड-हिंजवडीच्या सिग्नलला एमएच ३१ आणि एमएच ४९ इतक्या दिसतात. मागच्या काचेवर ताजुद्दीनबाबा किंवा टेकडीचा गणपती असला तर खात्रीच. लेक सांगते, तिच्या ऑफिसात अशी एक गाडी लागलेली पाहून तिने वायपरखाली चिठ्ठी ठेवली होती: 'बे, कुठला?' त्यातून पुढे सहा जणांचा रविवारी तर्री-पोह्यांचा अड्डा जमला.

पण खातं उघडायला पूर्वी ओळख लागायची, ते आजच्या मुलांना माहीत नसेल. बँकेत ज्याचं आधीपासून खातं आहे अशा माणसाने अर्जावर सही करायची, की मी यांना इतक्या वर्षांपासून ओळखतो. पुढे केवायसी आलं, फोटो आणि कागदपत्रं पुरू लागली, तो रकानाच गेला. मी कितीतरी सह्या तपासल्या. कापड दुकानदाराने आपल्या नोकरासाठी केलेली, सासऱ्याने सुनेसाठी केलेली, एकदा एका रिक्षावाल्याने चक्क वकिलासाठी. सही करणारा क्षणभर थांबायचा, समोरच्याकडे बघायचा आणि मग करायचा. खामल्याच्या बाजारात माझी भाजीवाली आजही मला न विचारता सांबाराची जुडी आणि मुनग्याच्या चार शेंगा बाजूला ठेवते आणि सुटे नसले तर म्हणते, "राहू द्या बाई, जाता कुठं?" आता तिला काय सांगू? आमचे डॉक्टर फाईल न उघडता विचारतात, "ती डाव्या गुडघ्याची भानगड काय म्हणते?" शेजारच्या घरात आमच्या घराची किल्ली कधीपासून आहे, ते त्यांनाही आठवत नसेल. यातलं काही गाडीत चढवता येत नाही. नावेच्या बाजूला मी हे सगळं मिळून एका ओळीत लिहिलं: ओळख.

आणि मग प्रामाणिकपणे तीच ओळ जमेच्या बाजूलाही लिहिली.

कारण नागपुरात मी एकटी कुठे बसू शकत नाही. धरमपेठेत कामाला गेले आणि पाय दुखले म्हणून एका हॉटेलात कॉफी घेतली, तर संध्याकाळी नणंदेचा फोन: "वहिनी, दुपारी एकट्याच बसला होतात म्हणे. घरी सगळं बरं ना?" इथे मी कोणाची तरी सून, कोणाची मॅडम, अमक्या साहेबांची मिसेस. पांढरे केस रंगवायचे थांबवले तेव्हा चार जणींनी चौकशी केली. वाकडला मात्र लेकीकडे गेले की सकाळी फिरून आल्यावर कोपऱ्यावरच्या उडप्याकडे इडली घेते आणि पुस्तक उघडून तासभर बसते. पोऱ्या येतो, पाणी ठेवतो, जातो. मी कोण, इथे का, नवरा कुठे आहे, कोणाला पडलेली नाही. त्या सोसायटीत तरणतलाव आहे. बायकांच्या वेळेत मी त्यात उतरले, फळी धरून पाय मारले, नाकातोंडात पाणी गेलं आणि भयंकर आनंद झाला. अंबाझरी तलावाजवळ आयुष्य काढलं, पण पाण्यात उतरायचं इथे कधी मनातही आलं नव्हतं. कोणी पाहिलं असतं ना.

नवऱ्याचं म्हणणं, हे सुख पाहुणीचं आहे. राहायला गेलीस की तिथेही मिसेस होशील. असेलही. पण हे असंही नाही, की आम्हीच पहिल्यांदा गाव सोडतोय. नागपूर तरी कोणाचं? गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२च्या सुमाराला बारा वाड्या जोडून हे वसवलं. मग भोसले आले, त्यांच्यामागून सातारा-पुण्याकडची घराणी आली. १८७७ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तशी माग सोडून माणसं आली, रेल्वेबरोबर बंगाली आले. इतवारीत मारवाडी, तेलुगू, छत्तीसगढी सगळे कधी ना कधी उतरलेलेच. आणि १ नोव्हेंबर १९५६ला उलटं झालं. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर त्या दिवशी राजधानी राहिलं नाही. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नवा मध्य प्रदेश भोपाळला. सचिवालयातल्या कारकुनांच्या याद्या लागल्या. कोणी भोपाळ, कोणी मुंबई. एका टेबलावर डबा खाणारे दोघं दोन राज्यांचे झाले. माझे सासरे मुंबईच्या यादीत निघाले. त्यांनी कागदावर रेघ मारल्याचं कोणी सांगत नाही. सासूबाई सांगायच्या ते एवढंच: दोन ट्रंका, एक वळकटी आणि पाटा-वरवंटा. पाटा चढवताना हमालाने विचारलं, "बाई, मुंबईत दगड नाहीत का?" काही वर्षांनी बदली मागून दोघं परत आली, पाटा घेऊनच. बदल्यात नागपूरला काय मिळालं, तर १९५३च्या करारानुसार वर्षातून एक अधिवेशन. सरकार हिवाळ्यात येतं, हुरडा आणि संत्री खातं, मोर्चे झेलतं आणि जातं. मे महिन्यात अधिवेशन घ्यायचं कुठल्या सरकारच्या मनात आल्याचं ऐकिवात नाही.

एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला सुधीर मुंबईला गेलेला, भास्कर वाड्यात राहिलेला. ते नाटक पाहताना मला नेहमी वाटतं, की गेलेल्याला राहिलेल्याचं फावलं असं वाटतं आणि राहिलेल्याला गेलेल्याचं, आणि दोघंही चुकत नाहीत. नाटक लिहिणारा माणूस मात्र नागपुरातच राहिला.

गेल्या पोळ्याला आम्ही वाकडला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. इकडे मारबतीच्या मिरवणुकीचा गलका, तिकडे गल्लोगल्ली पोरं सजवलेले लाकडी बैल दोरीने ओढत बोजारा मागत फिरतात. नातीसाठी मी इथून बैल नेला होता, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. वाटलं, घरातल्या घरात फिरवेल. पण त्या सोसायटीत विदर्भाची बरीच घरं निघाली, आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये, मोटारींच्या मधल्या जागेत, बैलांची रांग लागली. एका पोराकडे बैल नव्हता, त्याने पुठ्ठ्याचा जिराफ आणला. वॉचमनने तोरण धरलं. खुर्चीत बसलेल्या एक आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या कोल्हापूरकडं बेंदूर आषाढातच झाला की! तुमची बैलं लई दमानं आली." मग त्यांनी उठून नातीच्या बैलाला स्वतःच्या बटव्यातला रुपया वाहिला.

शेवटी घर विकायचं नाही असं ठरलं. वरचा मजला भाड्याने द्यायचा, खालचा बंद ठेवायचा, आणि वाकडला लेकीच्या इमारतीपासून दोन इमारती सोडून छोटं घर घ्यायचं, लिव्ह अँड लायसन्सवर, ११ महिन्यांसाठी. त्या करारात म्हणे आपण भाडेकरूही नसतो, मालकाच्या परवानगीने राहणारे असतो. नवऱ्याला हे फार पटलं. "म्हणजे आपण गेलोच नाही," असं तो फाटकापाशी सर्वांना सांगतो. करारासाठी एजंटने अर्ज पाठवला. त्यात रकाना होता: तुम्हाला ओळखणाऱ्या दोन स्थानिक व्यक्तींची नावं. एक लेक. दुसरं नाव नवऱ्याला सुचेना, जावयाचं चालणार नव्हतं. मी लेकीकडून नंबर घेऊन कोल्हापूरच्या आजींना फोन लावला आणि काय हवंय ते सांगितलं.

"घाला की माझं नाव," त्या म्हणाल्या. "पण आधी तुमचं आडनाव काय ते सांगा."