चोर गळ्यात होता

भाईंदरला पाण्याचा भरवसा नाही, म्हणून घरात बादल्या भरलेल्याच. त्यातली एक उचलताना माझा दंड मोडला. ना पडले, ना आपटले. एक्स-रेत मोडल्या जागी हाड पोकळ दिसलं, म्हणून पेट-स्कॅन झाला. बरगड्या, कंबर, मांडी, सगळीकडे उजळलेले ठिपके. रिपोर्टच्या तळाशी लिहिलेलं: बहुधा मेटास्टॅसिस. म्हणजे कॅन्सर हाडांत पसरलाय. आता तो मुळात कुठला, एवढंच शोधायचं.

स्तन, गर्भाशय, सगळं तपासून झालं. मूळ सापडेना. नणंद वसईहून कुठल्याशा वैद्याचा पत्ता घेऊन आली. मिस्टर टाटाला कार्ड काढायच्या तयारीत.

हाडाच्या बायोप्सीत कॅन्सर नव्हताच. नुसत्या जायंट सेल. तो रिपोर्ट वाचून परळच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मूतखडा झाला होता कधी?"

झाला होता की! टँकरच्या पाण्याला बोल लावून आम्ही मोकळे झालो होतो.

"आणि रक्तातलं कॅल्शियम?"

एवढे महागडे स्कॅन झाले, ही साधी तपासणी तेवढी राहिली होती. 13.4 निघालं, साडेदहाच्या आत हवं.

थायरॉईडच्या मागे पॅराथायरॉईडच्या चार ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. (रिचर्ड ओवेनना त्या 1850 च्या सुमारास दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात! माणसातल्या 1880 मध्ये स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने दाखवल्या.) माझ्या एकीत साधी गाठ झाली होती. ती बेसुमार हार्मोन सोडायची आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढायची. पोखरलेल्या जागी रक्त झिरपून रंग तपकिरी होतो, म्हणून नाव 'ब्राउन ट्यूमर'. नावाला ट्यूमर; कॅन्सरशी संबंध नाही.

मानेवर लहानसा छेद देऊन गाठ काढली. खरे हाल त्यानंतर. इतके दिवस उपाशी राहिलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम शोषून घेऊ लागली. ओठांना, बोटांना मुंग्या. एका रात्री हाताची बोटं आखडून एकत्र आली, उघडता उघडेनात. कॅल्शियमची सलाईन लागली, मग मुठीमुठीने गोळ्या. दंड जुळला. बाकीच्या पोकळ जागा कुणी हात न लावता हळूहळू भरत आल्या.

सोसायटीच्या हळदीकुंकवाला अजूनही माझी ओळख करून देतात, "ह्या कॅन्सरमधून उठल्या बरं का!" "अहो, कॅन्सर नव्हताच," म्हटलं की बायका समजुतीने माना डोलावतात, आणि एखादी हळूच जवळ सरकून विचारते, "किमो किती लागल्या हो?"